ग्लँडचं ठिबकणं अखेर सापडलं, दोष पॅकिंगचा नव्हताच

मिनिटाला तीन थेंब, म्हणजे हवं तेवढंच! काल संध्याकाळी पाऊण तास इंजिन चालवलं, मग ग्लँडखाली (होडीच्या पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, बाहेर जातो तिथली पाणी अडवणारी जागा; तिच्यात दोरीच्या रिंगा दाबून बसवतात, तेच पॅकिंग) वाटी धरून मोबाइलवर वेळ लावली आणि पाच वेळा मोजलं, दर वेळी तीन, एकदाच चार. इंजिन बंद केलं की पाचेक मिनिटांत ठिबकणं थांबतं. आणि ग्लँडवर हात ठेवला तर कोमट, आरामात हात राहतो. तीन आठवड्यांपूर्वी याच ग्लँडला बोट लावलं तर चटका बसत होता, आणि तरीही पाणी धारेने येत होतं. गरमही होतोय आणि गळतोयसुद्धा, हेच कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

मागचं ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीये, नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात घातल्यापासून हे तिसरं पॅकिंग. पहिल्या वेळी इथल्या दुकानात तीन सुताचीच दोरी मिळाली, ती हातोडीने ठोकून चपटी करून बसवली आणि ते चूकच होतं, कारण आपला शाफ्ट ३० मिमी आणि ग्लँडचं भोक ४६, म्हणजे फरक १६, त्याचं निम्मं ८ मिमी, आणि तीन सूत म्हणजे साडेनऊ. ठोकलेल्या दोरीचा पीळ मोडतो, ती एका जागी दबते आणि दुसऱ्या जागी मोकळी राहते. दुसऱ्या वेळी मुंबईला गेलो होतो तेव्हा नागदेवी स्ट्रीटवरून बरोबर ८ मिमीची टेफ्लॉनची दोरी आणली. तिथे गेलात तर एक सांगतो, काउंटरवर आधी ग्रॅफाइटची काळी दोरी पुढे करतात, स्वस्त असते आणि पंपांना चालते पण खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या शाफ्टला ती लावू नका, दोघांत बॅटरीसारखा करंट तयार होतो आणि शाफ्टला बारीक बारीक खड्डे पडतात. ॲस्बेस्टॉसची तर हातातही घेऊ नका.

तर दुसरं पॅकिंग अगदी नियमाने केलं होतं. ३० मिमीच्या पाइपच्या तुकड्यावर दोरी गुंडाळून चार रिंगा तिरक्या कापल्या, प्रत्येक रिंग वेगळी ढकलली, सांधे एकाखाली एक येऊ दिले नाहीत. ढकलायला पीव्हीसी पाइप उभा चिरून घेतलाय, तो शाफ्टवर बसतो आणि रिंग सगळीकडून सारखी आत जाते, स्क्रू ड्रायव्हरने कोंबण्यापेक्षा शंभरपट बरं. रिंगा दाबणारा नट हाताने आवळला, मग पाण्यात गेल्यावर एका वेळी नटाचा फक्त एक कोन, दहा मिनिटं थांबायचं, मग पुढचा. दोन दिवस उत्तम चाललं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धार. आवळलं की गरम, सैल केलं की धार. खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही.

मागच्या रविवारी ओहोटीला होडी गाळात बसल्यावर चारही रिंगा काढल्या आणि या वेळी टाकून न देता पाट्यावर ओळीने मांडून व्हर्नियरने जाडी मोजली. पहिली रिंग वरच्या बाजूला ७.८ आणि खालच्या बाजूला ६.१! खालचा भाग चकाकत होता, कडक झालेला, नखाने दाबला तरी दबत नव्हता. वरचा भाग जवळजवळ नवा, पांढरा. म्हणजे शाफ्ट एका बाजूला दाबून बसतोय, खालची बाजू घासून तापतेय आणि वरच्या फटीतून पाणी येतंय. गरमही आणि गळतंयही, दोन्हीचं उत्तर त्या एका रिंगेत होतं.

आता शाफ्ट दाबतोय म्हणजे अलाइनमेंट, इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. पण अलाइनमेंट मी मे महिन्यात होडी शाकारलेली असताना केली होती, आणि पाण्यात घातल्यावरही दोनदा तपासली होती, कपलिंगच्या (इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांच्या) दोन तोंडांत फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घालून वर-खाली फरक ०.०८ मिमी. १०० मिमीच्या कपलिंगला ०.१ पर्यंत चालतं. मग?

शेजारच्या होडीचे तांडेलकाका बघत होते, ते म्हणाले, “बसलेल्या होडीचं माप कसलं घेतोस रे, तरंगती झाली की बघ.”

मी दोन्ही वेळा ओहोटीलाच मोजलं होतं! ग्लँड उघडायला होडी बसलेली लागते म्हणून त्याच वेळात सगळंच उरकत होतो. लाकडाची होडी गाळात बसली की तिचा भार आणि आकार वेगळा, तरंगली की वेगळा, त्यात उन्हाळाभर सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगलेल्या. भरती पूर्ण होईपर्यंत थांबलो, कपलिंगचे बोल्ट काढले, शाफ्टला खालून लाकडी आधार दिला आणि गेज घातलं: खाली शून्य, वर ०.३५. शाफ्ट पाव पाव फेरा फिरवून चार वेळा पाहिलं, फट वरच राहिली. ती शाफ्टबरोबर फिरली असती तर शाफ्ट वाकलेला निघाला असता, तेव्हा ते एक मोठं टेन्शन गेलं.

फट वर म्हणजे इंजिनाचं पुढचं टोक खाली आहे. हिशोब सोपा आहे, १०० मिमीला ०.३५, इंजिनाच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर ५२०, म्हणजे पुढच्या पायांखाली साधारण १.८ मिमी. तेवढा शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घातला तर फट गेली पण कपलिंग अर्धा मिमी खाली उतरलं, कारण ते मागच्या पायांच्याही मागे आहे. मग चारही पायांखाली आणखी अर्धा. स्टेनलेसच्या पत्र्याचे शिम कापले, ॲल्युमिनियमचे नको, खाऱ्या हवेत त्याची पावडर होते. दोन भरत्या गेल्या यात, पण शेवटचं माप वर-खाली ०.०५ आणि दोन्ही बाजूंना गेज सारखंच. पुढच्या ओहोटीला उरलेल्या दोरीच्या चार नव्या रिंगा. आणि काल तीन थेंब.

एक दुखणं अजून आहे. शाफ्टवर नटाकडच्या पहिल्या दोन रिंगांच्या जागी चर पडलाय, नख अडकतं, तिथे व्यास २९.६. एमरी पेपरने कडा मारून घेतल्या, पण हा चर नवी दोरी लवकर खाणार. ठरवलं होतं की दिवाळीनंतर शाफ्ट काढून वेल्डिंग भरून लेथवर उतरवायचा. पण आत्ता हे टाइप करता करता वाटतंय की त्यापेक्षा दोन कपलिंगच्या मधे १६ मिमीची चकती घातली तर? शाफ्ट तेवढाच मागे सरकेल, चर आत जाईल आणि नटाकडच्या दोन रिंगांना कोरी जागा मिळेल, दाब तर त्यांच्यावरच जास्त असतो. बोल्ट लांब लागतील आणि पंखा सुकाणूच्या जवळ जाईल, ते बघावं लागेल. वेल्डिंगने शाफ्ट वाकायची भीती असते ती यात नाही. हेच करतो बहुतेक.

आणि ज्यांनी ड्रिपलेस सील (दोरीऐवजी रबराचं बेलो आणि एकमेकांवर घासणारी दोन तोंडं असलेलं, न ठिबकणारं) बसव म्हणून सुचवलं त्यांना, विचार केला, पण आपल्या खाडीत पावसाळ्यात गाळ एवढा असतो की तो घासणाऱ्या तोंडांत शिरणार, आणि भर खाडीत रबराचं बेलो फाटलं तर काय करायचं? दोरीचं तसं नाही, डब्यात चार रिंगा कापून ठेवल्यात, दोन पाने (स्पॅनर) असले की झालं.

शनिवारी उधाणाची ओहोटी आहे, पंखा पूर्ण उघडा पडेल. सुकाणूपर्यंतचं अंतर मोजतो आणि टर्नरकडे चकतीचं माप देऊन येतो.