तुम्ही विचारलंत म्हणून: इंटर्नला काम काय असतं?

तुळजापूरला, लातूरला समाजकार्य शिकणारी पोरं विचारतात, "ताई, मोठ्या मदतसंस्थेत इंटर्न म्हणून गेलं तर नेमकं काय करायला मिळतं?" त्यांचे आईवडील विचारतात, सरकार पंचनामे करतंच, मग तुमची संस्था आणखी काय करते? दोघांना माझं उत्तर एकच असतं: मदत कुणाला द्यायची, त्याची यादी.

फोटोत दिसतं ते किटवाटप. ते एका सकाळीत उरकतं. त्याआधी घरोघर फिरून नावं लिहावी लागतात आणि शिकायला मिळतं ते तिथंच. २०२५ च्या सप्टेंबरातली अतिवृष्टी आठवा. धाराशिव, बीडकडे नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या, सोयाबीन पाण्यात कुजलं. पिकाची भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जाते. पण बटईनं शेत करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. खुरपायला जाणाऱ्या बाईचं पीक नसतं, तिची मजुरी बुडते. नवरा गेला आणि जमीन दिराच्या नावावर राहिली, अशा बाया तर गावोगाव आहेत. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की कित्येक दारांना कुलूप लागतं. सर्व्हे करणारा 'घर बंद' असा शेरा मारतो आणि पुढं जातो.

संस्थेची पारख मी इथं करते. त्या कुलपापाशी कुणी पुन्हा जातं का? शेजारच्या आजीला कारखान्याचं नाव विचारतं का, मुकादमाला फोन लावतं का?

नवीन पोराला गावात पहिल्या दिवशीच चहाबरोबर तयार यादी मिळते. ती घ्यावी, आणि मग वस्तीवर, गायरानातल्या पालांपर्यंत चालत जावं. रेडक्रॉस चळवळीनं १९६५ साली सात मूलतत्त्वं जाहीर केली. त्यातलं एक निःपक्षपातीपणाचं: मदत गरजेप्रमाणे, जास्त अडलेल्याला आधी. भावकी, जात आणि येऊ घातलेली निवडणूक यांच्यामध्ये उभं राहून हे पाळायला धीर लागतो. यादी चावडीवर मोठ्यानं वाचून दाखवली की गाळलेली नावं लोकच सांगतात. बायकांची बैठक मात्र वेगळी घ्या, पुरुषांनी भरलेल्या चावडीवर त्या बोलत नाहीत. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कामात गावातल्याच बायका 'संवाद सहायक' झाल्या, गाव आणि सरकारी यंत्रणा यांच्यातला दुवा. मराठवाड्यानं हे तेव्हाच करून दाखवलंय.

मोजमापही शिका. टँकर आला एवढ्यावर समाधान मानू नका. आपत्तीतल्या मदतीसाठी जगभर वापरली जाणारी स्फियर मानकं माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात. टँकरच्या लिटरला माणसांनी भागून पाहा. फोटो काढण्याआधी, आधार नंबर लिहिण्याआधी परवानगी मागा, आणि फोटोला नाही म्हटलं तरी मदत मिळेल हे आधीच सांगा.

राहिलं मानधन. ते विचारायला लाजू नका. फिरण्या-राहण्याचा खर्च संस्था देणार नसेल, तर ज्याच्या घरून पैसे येतात तोच इंटर्न होऊ शकतो. ऊसतोड कामगाराची शिकलेली लेक, जिला टोळी कुठं गेली असेल हे न विचारताही कळलं असतं, ती अर्जच करत नाही. म्हणून संस्थांच्या लोकांशी बोलताना मी हा विषय सगळ्यात आधी काढते.