चादरीच्या बॉक्सवरचा क्यूआर कोड स्कॅन का होत नाही?

बॉक्सवरचा कोड स्कॅन झाला नाही की पहिला दोष छापखान्याला मिळतो. गडबड मात्र बहुतेक वेळा त्याच्या आधीच, कोडमध्ये काय भरलं तिथे झालेली असते.

कोडमध्ये जितकी अक्षरं जास्त, तितके चौकोन जास्त. व्हॉट्सॲपची छोटी लिंक ९१ आणि दहा आकडी नंबर धरून २६ अक्षरांची होते. ती एम पातळीवर (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून एल, एम, क्यू, एच अशा पातळ्या असतात) २५ बाय २५ चौकोनांत बसते. तिलाच ‘मला चादरींची माहिती हवी आहे’ असा तयार मेसेज जोडला की लिंक अडीचशे अक्षरांवर जाते, कारण लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-वेलांटीसुद्धा, नऊ चिन्हांनी लिहिलं जातं. मग कोड होतो ६१ बाय ६१. मोकळी कड धरून दोन्ही कोड २ सेंटिमीटरमध्ये छापले, तर पहिल्याचा चौकोन ०.६ मिलिमीटरचा पडतो आणि दुसऱ्याचा जेमतेम ०.३. खरखरीत पुठ्ठा आणि साधा कॅमेरा एकत्र आले की ०.३ हमखास दगा देतो.

म्हणून कोडमध्ये स्वतःच्या डोमेनची छोटी लिंक टाका आणि तिथून पुढे हव्या त्या पानावर किंवा मेसेजवर वळवा. बॉक्ससाठी एक, सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत भरणाऱ्या गड्ड्यातल्या स्टॉलसाठी दुसरी लिंक ठेवली की गिऱ्हाईक कुठून आलं तेही कळतं. फुकटच्या ‘डायनॅमिक’ कोडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या लिंकवरून वळवलेल्या कोडवर, हजारो बॉक्स छापू नयेत असं आमचं ठाम मत आहे. मुदत संपून ती लिंक बंद झाली, तर छापलेला माल परत आणता येत नाही.

मध्ये लोगो हवाच असेल तर एच पातळी घ्यावी लागते. ती सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचू देते, पण वरची २६ अक्षरांची लिंक मग ३३ बाय ३३ वर जाते. लोगो शेजारी छापलेला बरा.

डीटीपीवाल्याला कोड व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, कडा पुसट होतात. एसव्हीजी किंवा पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऑफसेटला कोड फक्त काळ्या शाईत, के १०० मध्ये (शंभर टक्के काळी, बाकी रंग शून्य) घ्यायला सांगा. चार रंगांच्या काळ्यात रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, किंचित हललं तरी चौकोनांना रंगीत सावली येते. चारही बाजूंना चार चौकोनांएवढी जागा कोरी हवी. डिझाइनमध्ये सगळ्यात आधी हीच जागा खाल्ली जाते.

शेंगा चटणीच्या पारदर्शक पाऊचवर कोडखाली पांढरा थर नसेल, तर मागून लालसर चटणी दिसते आणि कोड त्यात हरवतो. कागदी लेबलवर तेल उतरतं, तिथे मॅट लॅमिनेशन करा. ग्लॉसीवर ट्यूबलाइटची चमक पडते. पाऊचच्या सीलजवळ, घडीवर कोड नको. टॉवेलच्या कापडावर तर नकोच, टेरीचे फासे चौकोनांच्या कडा गिळतात. कागदी टॅग लावा.

फ्लेक्ससाठी ढोबळ हिशोब असा: स्कॅन करायच्या अंतराच्या दहाव्या भागाएवढा कोड. तीन मीटरवरून स्कॅन करायचा असेल तर ३० सेंटिमीटर, आणि कोड दाट असेल तर त्याहून मोठा. तो छातीच्या उंचीवर हवा. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या गर्दीत मान वर करून, हात ताणून कुणी स्कॅन करत बसणार नाही. गर्दीत नेट रडतं, तेव्हा उघडणारं पानही हलकं ठेवा. तिथे व्हिडिओ नको. होटगी रोडच्या होर्डिंगवर कोड टाकण्यात अर्थ नाही, दुचाकीवरच्या माणसाला मोठ्या अक्षरातला फोन नंबर उपयोगी पडेल.

आपल्याकडे दुकानातला कोड म्हणजे पैसे देण्याचा ‘स्कॅनर’ अशीच सवय आहे. गिऱ्हाईक पेमेंट ॲप उघडतं, कोड चालत नाही, ते फोन खिशात टाकतं. कोडखाली स्पष्ट लिहा: ‘चादरीचे सगळे रंग आणि भाव बघा. फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करा.’ जागा असेल तर हीच ओळ कन्नड आणि तेलुगूतही द्या. नंबरही छापा.

पूर्ण छपाईआधी प्रूफ खऱ्या मापात, खऱ्या कागदावर काढून घ्या. स्क्रीनवर स्कॅन झाला म्हणून होकार देऊ नका. घरातल्या सगळ्यात जुन्या अँड्रॉइड फोनवर, एकदा दुकानाच्या उजेडात आणि एकदा संध्याकाळी, तपासा. बॉक्स असेल तर घडी घालून, पाऊच असेल तर चटणी भरून.