त्याची ट्राम आली का?

शुक्रवार, रात्री

तुर्की दुकानातून भेंडी आणली होती. आई ती पुसून चिरायला बसली आणि मी स्पीकरवर कॅन या जुन्या जर्मन बँडची 'द लॉस्ट टेप्स' लावली. आईला साताऱ्याहून येऊन सव्वा महिना झाला. माझ्या गाण्यांना ती आता नावं ठेवत नाही, फक्त आवाज बारीक करायला लावते.

दुसरंच गाणं ट्रामचं. माल्कम मूनी ट्रामची वाट बघतोय, बाकी त्यात काही नाही. दहा मिनिटं तेच वाक्य, कधी पुटपुटत, कधी केकाटत, आणि खाली याकी लीबेत्साइटचे ड्रम घाण्याच्या बैलासारखे गोल गोल. निम्मी भेंडी संपल्यावर आईची सुरी थांबली.

"काय म्हणतोय रे हा मघापासून?"

"ट्रामची वाट बघतोय."

चार भेंड्या झाल्यावर पुन्हा, "आली का?"

"नाही गं."

"एवढ्या वेळात चालत पोचला असता."

खूप हसलो. जेवताना मात्र घास जरा अडकला. मूनी अमेरिकन, खरा शिल्पकार. 1968 मध्ये इथे कोलोनला या मंडळींत येऊन पडला आणि गायला लागला. पुढे मन थाऱ्यावर राहीना, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं मायदेशी परतला. हे रेकॉर्डिंग त्याच्या आधीचं. आईला काही सांगितलं नाही. तिनं भाजी छान केली होती.

शनिवार

'लॉस्ट' म्हणजे काय, हरवल्या होत्या का टेप्स? आईचा सकाळचा प्रश्न.

हरवल्या कुठे! कपाटात होत्या. कोलोनजवळच्या वायलरस्विस्टमधला बँडचा स्टुडिओ ग्रोनाऊ गावच्या रॉक-पॉप संग्रहालयाला विकला, तेव्हा आवराआवरीत या टेप्स वर आल्या. 30 तासांहून अधिक संगीत आणि वरची अक्षरं धड वाचता येत नाहीत. बँडचा कीबोर्डवाला इर्मिन श्मिट म्हणतो की आम्ही सगळेच विसरलो होतो, त्याची बायको हिल्डेगार्ड सोडून. बँडचा सगळा कारभार तीच बघायची. (हे ऐकून आईनं मान डोलावली. घरोघरी हेच, असं तिला म्हणायचं असावं.) मग श्मिट आणि म्यूट या रेकॉर्ड कंपनीचा डॅनियल मिलर यांनी निवड केली, जोनो पॉडमोरनं संकलन केलं आणि 2012 मध्ये तीन सीड्यांचा संच आला. रेकॉर्डिंग 1968 ते 77 मधली.

उरलंसुरलं म्हणून विकत घेतलं होतं, हे कबूल करतो. ज्या बँडच्या अल्बमांत नाही बसलं ते कशाला चांगलं असेल, असं वाटायचं. ते मत 'डेड पिजन स्वीट'नं मोडलं. सॅम्युएल फुलरनं जर्मन टीव्हीसाठी केलेल्या गुन्हेपटाचं हे संगीत. जवळजवळ बारा मिनिटं ते कुठे कुठे भटकतं, बासरी येते, सगळं विरघळतं, आणि मग अचानक ओळखीचे ड्रम. 'व्हिटॅमिन सी'! 1972 च्या 'एगे बाम्यासी' अल्बमवर हे गाणं साडेतीन मिनिटांचं आहे, आणि मी ते कॉलेजपासून पूर्ण गाणं समजून ऐकत आलो होतो. (त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर भेंडीचा डबा आहे. आईला दाखवला. "डब्यातली भेंडी बुळबुळीत होत असेल," इतकंच म्हणाली.)

कारण त्यांची पद्धतच तशी. बासवाला होल्गर चुकाय हाच रेकॉर्डिंग करायचा. 1975 पर्यंत त्यांच्याकडे दोन ट्रॅकचीच मशीन. एवढ्या वाद्यांचा आवाज दोन ट्रॅकवर गेला की गेला. नंतर ड्रम तेवढे कमी करू म्हटलं तर सोय नाही. म्हणून तासन्‌तास वाजवायचं, टेप चालू ठेवायची, आणि मग ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडायचं. चुकाय आणि श्मिट दोघे श्टॉकहाउझन या प्रयोगशील संगीतकाराचे विद्यार्थी, टेप कापण्याचं त्यांना भय नव्हतं.

आईनं तीस वर्षं ब्लाउज शिवले. कात्री म्हटलं की तिचे कान टवकारतात.

"माप न घेताच कापायचे?"

"माप नव्हतंच. आधी ठाण विणायचं, मग बघायचं यातून काय निघतंय."

"मग कातरण कुठली आणि ब्लाउज कुठला, कसं कळणार?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. दुपारभर तेच डोक्यात. तिच्याकडे कातरणीची एक उशीची खोळ होती, फुगलेली. बगलेत तुकडा लावायची वेळ आली की ती त्यात हात घालायची आणि न बघता त्याच रंगाचं कापड काढायची.

अजून एक गंमत टिपून ठेवतो. एका टीव्ही मालिकेसाठी त्यांनी केलेलं 'स्पून' जर्मनीत सहाव्या नंबरापर्यंत चढलं. मालिकेचं नाव 'सुरी'. या संचात त्याच मालिकेच्या संगीतातून जोडलेला आठ मिनिटांचा तुकडा आहे, त्याच्या नावात सुरी, कात्री, काटा. म्हणजे चमचा गाजला आणि बाकीची भांडी चाळीस वर्षं कपाटात. मला काटा-सुरीच जास्त आवडली. 'स्पून'चा मैफिलीतला लांबलचक अवतारही संचात आहे, तो दोनदा लावून अर्ध्यात बंद केला.

रविवार

ऑयस्कियर्शेनला एका सहकाऱ्याकडे जेवायला गेलो. कोलोनहून गाडी निघाली, हेडफोनचा एक कान आईला, एक मला. 'एगे बाम्यासी'वरच्या हंसाच्या गाण्याचं संचातलं कच्चं रूप लागलं होतं, मूनीनंतरचा गायक दामो सुझुकी त्यात जवळजवळ कुजबुजतो. म्युनिकच्या रस्त्यावर हा गात होता, तिथून उचलून त्याच रात्री त्याला स्टेजवर उभा केला. पुढे तो कोलोनलाच राहिला आणि 2024 मध्ये गेला. आपण एकाच गावात होतो आणि मी एकदाही त्याला ऐकायला गेलो नाही, हे आठवून स्वतःवर चिडलो.

वायलरस्विस्टला गाडी मिनिटभर थांबली. इथलं एक जुनं सिनेमा थिएटर म्हणजे त्यांचा स्टुडिओ, असं आईला सांगितलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लष्कराच्या 1500 गाद्या लावल्या होत्या.

"पंधराशे? कापसाच्या?"

"समुद्री गवत भरलेल्या, म्हणतात."

गाडी हलली. शेतं सुरू झाली. आई खिडकीतून मागे बघत राहिली.

"आणि त्या गाद्यांचं काय केलं?"

"त्या पण संग्रहालयात नेल्या."

"नेताना ऊन तरी दाखवलं का?"