स्कॅन केलेल्या पानांपासून ईपबपर्यंत

आजचा दिवस एका जुन्या मराठी मासिकाच्या स्कॅन केलेल्या पानांत गेला. टिफ या चित्र-स्वरूपातली ही पाने नुसती पीडीएफ करून सहा इंची ई-रीडरवर टाकली, तर अक्षर मुंगीएवढे दिसते आणि मोठे करायला जावे तर ओळच पडद्याबाहेर जाते. ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात मात्र मजकूर वाचकाने निवडलेल्या आकारानुसार नव्याने ओळी धरतो. त्यासाठी चित्रातली अक्षरे आधी ओळखून घ्यावी लागतात. पाने सरळ करून आणि कडेच्या काळ्या पट्ट्या कापून ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) प्रती मी टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीला दिल्या. हे मोफत साधन मराठी चांगले वाचते, पण झिजलेल्या खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरठशांच्या) छपाईत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची गल्लत होतेच.

त्याहून नाजूक काम अनुस्वारांचे. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे 'कांहीं', 'घरांत', 'त्यानें' हे लेखन जसेच्या तसे राहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, कारण त्या काळचा मजकूर त्या काळच्या रूपातच अभ्यासकाच्या हाती पडायला हवा. म्हणून प्रत्येक ओळ मूळ चित्राशी ताडून पाहतो आहे. जाहिरातींची पाने चित्ररूपातच ठेवणार आहे.