छोट्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर दुसरीकडे वळवताना

बॉनेटमधून वर उभा सायलेन्सर असलेला छोटा ट्रॅक्टर फळबागेत घातला की फांद्या मोडतात आणि फळांवर काजळी बसते. पुढे लोडर लावला तर त्याचा हात नेमका सायलेन्सरलाच आडवा येतो. खाली तोंड असलेला पाइप सुक्या गवतात धोक्याचा. त्यामुळे वरचा खाली आणि खालचा वर नेण्याची कामं सतत निघतात. पाइप वाकवून तोंड हवं तिथे काढणं हा यातला सोपा भाग. नंतर तुटतं ते तोंडाकडे नाही, मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) फ्लँजपाशी, म्हणजे पाइप जिथे बोल्टने जोडतात त्या चपट्या पट्टीपाशी. कारण नव्या पाइपाचं वजन, थरथर आणि तापल्यावर होणारी वाढ यांचा हिशेब कुणी केलेलाच नसतो.

आधी मार्ग ठरवा, आणि तो जाड तार वाकवून गाडीवरच ठरवा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून मार्ग आखला की सगळं छान बसतं, मग शेतात गेल्यावर टायर पाइपाला घासतो. म्हणून पुढचं एक चाक ठोकळ्यावर चढवून एक्सल पूर्ण कलू द्या, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा, बॉनेट उघडून पाहा, लोडर असेल तर वर-खाली करून पाहा. डिझेलची नळी, हायड्रॉलिकचे होज, वायरिंग आणि प्लॅस्टिकची टाकी यांच्यापासून पाइप किमान ७५ ते १०० मिमी दूर हवा. तेवढी जागा नसेल तर मध्ये १ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा लावा, पण पाइपाला चिकटवून नाही. पाइप आणि पत्रा यांच्यात २०–२५ मिमी मोकळी हवा राहिली तरच तो उष्णता अडवतो. पाइपाला गुंडाळायची पट्टी दिसायला सोपी, पण ती ओल धरून ठेवते आणि साधा लोखंडी पाइप आतल्या आत गंजवते.

व्यासाच्या बाबतीत काटकसर नको. मूळ सायलेन्सरच्या बाहेरच्या नळीपेक्षा बारीक पाइप कधीही वापरू नका. पाइप लांब होणार असेल तर एक माप मोठा घ्या. ४० मिमीऐवजी ३२ मिमी आतला व्यास घेतला तर तेवढ्याच धुराला होणारा अडथळा जवळपास तिप्पट होतो. कोपऱ्यांचंही तसंच आहे. ४५ अंशांत कापून काटकोनात जोडलेला कोपरा ४० मिमी पाइपात सुमारे अडीच मीटर सरळ पाइपाइतका अडथळा करतो. त्याजागी व्यासाच्या दीडपट त्रिज्येचा तयार बेंड घेतला तर अडथळा चौथ्या हिश्शाच्या आसपास येतो. वाळू न भरता पाइप वाकवला की आतल्या बाजूला सुरकुती पडून भोक चपटं होतं. बाहेरून बेंड ठीक दिसतो, आणि भारावर इंजिन काळा धूर सोडून दम टाकतं.

पाइपाची जाडी १.६ ते २ मिमी पुरते. गॅल्वनाइज्ड पाइप पडलेला दिसला तरी उचलू नका. वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. स्टेनलेस चांगलं, मात्र ते लोखंडापेक्षा जास्त वाढतं. ३५० अंशांनी तापलेला एक मीटर लोखंडी पाइप ४ मिमीहून थोडा जास्त लांबतो, ३०४ ग्रेडचा स्टेनलेस जवळपास ६ मिमी. ही वाढ कुठेतरी जाणारच. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर ती फ्लँजच्या वेल्डवर जाते आणि तिथे बारीक चीर पडते.

त्यावरचा उपाय साधा आहे. पाइप जिथून सुरू होतो, त्या इंजिनावरच पहिला टेकू द्या. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये इंजिन आणि क्लच हाउसिंग बोल्टने एकजीव केलेलं असतं, त्यामुळे ब्रॅकेट हाउसिंगच्या रिकाम्या बोल्टवर घेता येतो. बॉनेट, मडगार्ड किंवा फूटबोर्डवर अजिबात नको, ते वेगळ्या तालात थरथरतात. ब्रॅकेट ५–६ मिमी जाड पट्टीचा करा आणि फ्लँजपासून २००–३०० मिमीच्या आत ठेवा. दुसऱ्या टेकूचं भोक गोल न ठेवता पाइपाच्या दिशेने लांबट करा, म्हणजे वाढ तिकडे सरकते. इंजिन रबरी माउंटवर असेल आणि पाइप चॅसिसवर धरायचा असेल, तर मध्ये १००–१५० मिमीचा लवचीक बेलो (सुरकुत्यांची धातूची नळी) घालावाच लागतो. तो सरळ बसवायचा. बेंडऐवजी वाकवून किंवा पीळ देऊन बसवलेला बेलो फार टिकत नाही. टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) असलेल्या इंजिनात तर पाइपाचं वजन टर्बोवर लोंबतं ठेवणं म्हणजे खर्चाला आमंत्रण.

पाइप मागे नेऊन रोलबारच्या खांबालगत उभा करायचा असेल तर त्या खांबाला भोक पाडू नका आणि वेल्डिंगही करू नका. ट्रॅक्टर उलटल्यावर चालकाला वाचवणारा तो भाग आहे. तिथे फक्त बाहेरून आवळायचा क्लॅम्प.

जुना सायलेन्सर सोडवतानाच निम्मी डोकेदुखी होते. मॅनिफोल्डचे स्टड (आत रोवलेले, डोकं नसलेले बोल्ट) गंजून पकडलेले असतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नट लाल होईपर्यंत तापवा (तेल पुसून, डिझेलची नळी झाकून), आणि पाना एकाच दिशेने न रेटता थोडा पुढे, थोडा मागे असा हलवा. एकदा स्टड आतच तुटला की ड्रिल आणि टॅपचं वेगळंच काम मागे लागतं. पुन्हा बसवताना पितळी नट लावले तर पुढच्या वेळी सहज निघतात.

नवी फ्लँज ८ ते १० मिमी जाड पट्टीतून कापा. जुन्या पॅकिंगवर भोकं आखून घ्या, पण पॅकिंग मात्र नवंच लावा. ८ मिमीच्या स्टडला ९ मिमीचं भोक ठेवा. पाइप आणि फ्लँज गाडीवरच जागेला लावून चार ठिकाणी टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारा, मग खाली उतरवून पूर्ण वेल्ड करा. गाडीवर टाके मारताना बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल तर त्याचा कनेक्टरही काढा, आणि अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा. चिमटा मागच्या ॲक्सलला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. पूर्ण वेल्ड करताना फ्लँज एखाद्या जाड प्लेटला बोल्टने आवळून ठेवा आणि गार झाल्यावरच सोडा. नाहीतर ती पिळते, आणि पिळलेली फ्लँज नट कितीही आवळले तरी फुंकत राहते.

जोडणी करताना सगळे बोल्ट आधी सैल लावा. मग इंजिनाकडून सुरुवात करून मागे आवळत या, ब्रॅकेट सर्वांत शेवटी. पारख अशी: ब्रॅकेटचा बोल्ट काढल्यावर पाइपाने उसळी मारली, तर तो जबरदस्तीने बसवलेला आहे.

तोंड चालकाच्या आणि एअर क्लीनरच्या हवा ओढण्याच्या बाजूला नको. काजळी आत गेली की फिल्टर लवकर तुंबतो. रेडिएटरच्या पुढे तर नकोच, पंखा तीच गरम हवा आत ओढतो. उभ्या पाइपाला उघडझाप होणारं झाकण लावा, कारण पावसाचं पाणी थेट व्हॉल्व्हपर्यंत जाऊ शकतं. आडव्या पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी ३–४ मिमीचं भोक ठेवा, साचलेलं पाणी तिथून निघून जातं. तोंड खाली असेल तर ते जमिनीकडे न रोखता बाजूला वळवा, आणि सुक्या गवतात काम असेल तर स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारा भाग) लावा. धूर शुद्ध करणारा फिल्टर आणि त्याचे सेन्सर असलेल्या ट्रॅक्टरवर त्या भागाला हात न लावता फक्त त्याच्यानंतरचा, तोंडाकडचा पाइप वळवायचा.

अडथळा वाढला का, हे अंदाजाने सांगू नये, मोजावं. फ्लँजच्या पुढे पाइपावर एक छोटा नट वेल्ड करा, त्यातून भोक पाडा. त्याला अर्धा मीटर तांब्याची नळी आणि पुढे पारदर्शक प्लॅस्टिक नळीचा इंग्रजी यू आकार करून त्यात पाणी भरा. थेट प्लॅस्टिक लावलं तर ते वितळतं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १०२ मिमी फरक म्हणजे १ किलोपास्कल. पूर्ण भारावर मिळालेला आकडा इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहा. शक्य असेल तर मूळ सायलेन्सरवरही आधी मोजून ठेवा. मोजून झाल्यावर त्या नटात बोल्ट घालून भोक बंद करा.

गळती शोधायची तर थंड इंजिन चालू करून मंद गतीवर पाइपाचं तोंड जाड चिंधीने क्षणभर अर्धवट दाबा. जिथे फुसफुस येईल तिथे जोड सैल आहे. हे उघड्यावरच करा. पहिल्या तापण्या-गार होण्यानंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, फ्लँजचे नट पुन्हा एकदा आवळा. पॅकिंग दबल्याने ते हमखास थोडे फिरतात. नंतर जोडाभोवती काळी रेघ उमटली तर नट आणखी आवळण्याआधी पहिला ब्रॅकेट हलवून पाहा. बहुतेक वेळा तोच सैल झालेला असतो.