पातळ भिंत

गेल्या रविवारी सकाळी दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत पडलेली दिसली. शेजारच्या आजोबांची. (आजोबा माझ्या मनातच. तोंडावर नावाने हाक मारावी लागते, आणि लंडनात सात वर्षं काढूनही माझी जीभ दर वेळी अडखळते.) मजकूर चार ओळींचा, त्यात सॉरी तीनदा. त्रास देतोय, सॉरी. काल रात्री तुमच्याकडची गाणी जरा स्पष्टच ऐकू आली, भिंत फार पातळ आहे, सॉरी. जमलं तर बघा, नाही जमलं तरी हरकत नाही, सॉरी.

आवाज माझा आणि माफी मागणार हे! त्या चिठ्ठीने माझा अख्खा रविवार खाल्ला. कांदा चिरताना आठवली, कपडे वाळत घालताना आठवली. पुण्यात समोरच्या काकूंनी गॅलरीतून "बारीक कर गं तो टीव्ही!" म्हणून हाळी दिली असती, मी बारीक केला असता, आणि संध्याकाळी त्यांच्याकडूनच अळूवड्यांची ताटली आली असती. विषय संपला. इथे मात्र कागद घेतला, शब्द तोलले, घडी घातली, आणि बेल न वाजवता परत गेले. हे बेल न वाजवणं मला जास्त लागलं.

बरं, वाजले होते किती? पावणेदहा. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, या नियमापायी आमच्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभर चालणाऱ्या मैफली गेल्या, तेही आम्ही सोसलंच की. मग पावणेदहाला मला कुणी शिकवू नये. (गणपतीत खिडकीखाली ढोल आला की कानात कापूस घालून बडबडणारी मीच, ते सोडा.)

आणि लावलं होतं काय, तर पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं 'पल्स'. चॅरिटी शॉपमध्ये दोन पौंडांत डीव्हीडी मिळाली. १९९४च्या ऑक्टोबरात ही मंडळी लंडनच्या अर्ल्स कोर्ट या हॉलात चौदा रात्री वाजवत होती, त्यातल्या २० तारखेचं हे चित्रीकरण. पुढच्या वर्षी व्हिडिओ कॅसेट निघाली, २००६ला डीव्हीडी. त्यात त्यांचा 'डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम अख्खा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बँडचा मुख्य गीतकार रॉजर वॉटर्स तोवर बँड सोडून गेलेला, त्यामुळे हे खरं फ्लॉइड की खोटं, यावर आमच्या कट्ट्यावर चहाचे किती ग्लास रिकामे झाले असतील! मी मागे राहिलेल्या गिटारवाल्या गिल्मोरच्या बाजूची. अजूनही.

हा कार्यक्रम मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात, मैत्रिणीच्या घरी, काळा-पांढरा. तिच्या मामाने कॅसेट आणली अमेरिकेहून, टीव्हीच्या रंगीत चित्राची तिकडची पद्धत एनटीएससी, आपली पाल. व्हीसीआरने कसंबसं चित्र दाखवलं, पण रंग टीव्हीला पेलले नाहीत. म्हणजे बघा, सगळा खेळ ज्यात दिव्यांचा आणि लेझरचा, तो आम्ही दहा जणींनी जुन्या मराठी सिनेमासारखा राखाडी पाहिला, खालून वर सरकणाऱ्या रेघांसकट. इंग्रजांचीही पद्धत पालच. मामा लंडनला असता तर रंग दिसले असते. पण आमचं काही अडलं नाही. कुठल्या सुराला कुठला दिवा लागतो ते मला आजही पाठ आहे.

लंडनला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी अर्ल्स कोर्ट बघायला गेले होते. ट्यूबमधून उतरून वॉरविक रोडच्या बाजूला बाहेर पडले, तर समोर कुंपण आणि कुंपणामागे मोकळी जागा. १९३७पासून उभा असलेला तो हॉल पाडून टाकलेला. डिसेंबर २०१४मध्ये तिथला शेवटचा कार्यक्रम झाला तो 'बॉम्बे बायसिकल क्लब' या इथल्याच पोरांच्या बँडचा. नाव एका इंडियन रेस्टॉरंटवरून घेतलेलं. आणि त्यांच्यात पाहुणा म्हणून गिटार घेऊन आला कोण, तर गिल्मोर! मुंबईवाल्यांना ही बातमी सांगितली की ते उगाचच छाती फुगवतात. मी पुण्याची, मी नुसतं कळवलं.

असो. संध्याकाळी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन आजोबांकडे गेले. बेल वाजवली. त्यांनी पुन्हा सॉरी म्हटलं, मीही म्हटलं, आणि मग त्यांनी विचारलं, ते काल काय चाललं होतं? सांगितलं. आजोबा थांबले. त्यांच्याकडे १२ ऑक्टोबरचं तिकीट होतं म्हणे. पहिल्या रात्रीचं. त्या रात्री ऐन सुरुवातीलाच बाराशे माणसांचा एक स्टँड कोसळला. कुणी दगावलं नाही, पण बरेच जखमी झाले आणि कार्यक्रम रद्द. आजोबा समोरच्या बाजूला होते. आधी त्यांना तो धडाका कार्यक्रमाचाच भाग वाटला, असं म्हणताना त्यांचा आवाज खाली आला. बदली तारीख १७. त्या दिवशी त्यांची रात्रपाळी. नंतर कॅसेट का नाही घेतली, विचारलं, तर खांदे उडवले. "तिकीट होतं ना माझ्याकडे," एवढंच.

मी घरी येऊन डीव्हीडी नेऊन दिली. त्यांनी शंकरपाळी एक-एक मोजून खाल्ली.

काल रात्री भिंतीतून नुसता बेस येत होता. पण शेवटून दुसरं गाणं, 'कम्फर्टेबली नम', मी झोपेतही ओळखेन. आता हॉलच्या मधोमध तो आरशांचा गोळा वर चढला असेल, आता पाकळ्या उघडून भिंतींवर कवडसे फिरत असतील. माझ्या डोळ्यांपुढे ते अजूनही काळे-पांढरेच फिरतात. पांघरुणातून हात काढून मोबाइल पाहिला. अकराला दहा कमी होते.