ईसीएनचा करार झाला, पण मधल्या फायरवॉलने खूणच पुसली

आमच्याकडे क्लायंटवरून सर्व्हरवर रोज बॅकअप जातो. वाटेतली एक लिंक भरली की पॅकेट ड्रॉप व्हायची, ती पुन्हा पाठवावी लागायची आणि त्याच लिंकवरचं बाकी सगळं रेंगाळायचं. यावर ईसीएन (एक्सप्लिसिट कंजेशन नोटिफिकेशन, म्हणजे गर्दीची आगाऊ सूचना) हा नेमका उपाय. २००१ सालच्या आरएफसी ३१६८ या इंटरनेट मानकात तो ठरलेला आहे. रांग वाढली की राउटर पॅकेट टाकून न देता त्यावर खूण करतो, सर्व्हर ते क्लायंटला कळवतो आणि क्लायंट वेग कमी करतो. मात्र कनेक्शन जोडतानाच दोन्ही टोकांचा होकार लागतो.

लिनक्समध्ये हे मिनिटभराचं काम आहे. टीसीपी-ईसीएन सेटिंग ० असेल तर बंद, १ असेल तर आपण मागायचं आणि समोरच्याने मागितलं तर द्यायचं, २ असेल तर फक्त मागितल्यावर द्यायचं. मुळात २ असतं, त्यामुळे दोन्हीकडे काहीच बदललं नाही तर कुणीच मागत नाही. मी क्लायंटवर १ केलं. सर्व्हरला हात लावावा लागला नाही. राउटरवर रांग सांभाळून खुणा करणारं एफक्यू-कोडेल होतंच.

टीसीपीडम्पमध्ये (जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं साधन) कनेक्शन मागणाऱ्या सिन पॅकेटवर ईसीई आणि सीडब्ल्यूआर हे ईसीएनचे दोन्ही फ्लॅग दिसले, सिन-अ‍ॅक या उत्तरावर ईसीई आला. करार झाला! तरी राउटरवर खूण केलेल्या पॅकेटांचा आकडा शून्य, आणि ड्रॉप चालूच.

सर्व्हरवर चालू कनेक्शनची माहिती देणारी एसएस कमांड दिली तेव्हा कनेक्शनच्या ओळीत ‘ईसीएन’ होतं, ‘ईसीएनसीन’ नव्हतं. पहिल्याचा अर्थ बोलणी झाली. दुसरं तेव्हाच येतं जेव्हा ईसीएनचा बिट असलेलं एखादं पॅकेट खरोखर पोचतं. बोलणी होतात टीसीपी हेडरमध्ये, खूण मात्र जाते आयपी हेडरमधल्या टॉस (टाइप ऑफ सर्व्हिस) बाइटच्या शेवटच्या दोन बिटांत. तिथे ‘मला ईसीएन कळतं’ असा बिट असलेल्या पॅकेटवरच राउटर खूण करतो. म्हणजे वाटेत कुणीतरी तो बाइट पुसत होतं, आणि वाटेत राउटरच्या आधी होता फायरवॉल.

तो दुसऱ्या विभागाकडे. त्यांच्या फॉर्ममध्ये सोर्स, डेस्टिनेशन, पोर्ट आणि ‘अलाऊ की डिनाय’ एवढेच रकाने. मला पोर्ट उघडून नकोच होता! पण पोर्ट भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. भरला, तर उत्तर आलं, ‘पोर्ट ओपन आहे,’ आणि तिकीट बंद. पुन्हा सविस्तर लिहिलं, तर ‘पिंग व्यवस्थित चालतोय,’ आणि पुन्हा बंद. माझा मजकूर कुणी वाचलाच नव्हता, याचा राग अजून गेलेला नाही. फॉर्ममध्ये बसत नाही म्हणून अडचणच नाही, असं कसं ठरवता?

शेवटी मी वर्णन करणं सोडलं आणि पुरावा जोडला: एकच पॅकेट, तोच सिक्वेन्स नंबर, क्लायंटवरून निघताना टॉस २, सर्व्हरवर पोचताना टॉस ०. खाली एकच प्रश्न, ‘या वाटेवर टॉस बाइट बदलणारा नियम आहे का?’ मग मात्र लगेच सापडला. आयपीटेबल्स या लिनक्स फायरवॉलच्या, पॅकेटचे हेडर बदलणाऱ्या मँगल टेबलमध्ये टॉस ठरवणारा एक जुना नियम होता, मास्क (कोणते बिट बदलायचे ते) न दिलेला. मास्क नसला की आठही बिट नव्याने लिहिले जातात, त्यात ईसीएनचे दोन गेले. त्याजागी डीएससीपी टार्गेट लावलं. ते त्या बाइटचे वरचे सहाच बिट बदलतं.

असं कॅप्चर (पॅकेटांची नोंद) घेणार असाल तर टीसीपीडम्पला व्हर्बोज पर्याय द्या, नाहीतर टॉस छापलाच जात नाही. तुलना डेटाच्या पॅकेटांचीच करा, कारण पोचपावतीच्या नुसत्या अ‍ॅकवर आणि पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांवर हा बिट नसतो. आणि हो, सेटिंग बदलल्यावर कनेक्शन नव्याने जोडा, आधीपासून चालू असलेल्याला ती लागू होत नाही. ईसीएन फॉलबॅक चालूच ठेवा: ईसीएन मागणारा सिन कुणी वाटेत अडवला तर पुढचा साधा जातो.

नियम बदलल्यावर ‘ईसीएनसीन’ आलं, राउटरवर खुणांचा आकडा वाढू लागला आणि ड्रॉप जवळपास थांबले. उलट दिशेची तपासणी मात्र वेगळी करावी लागते. आमच्याकडे सर्व्हरकडून क्लायंटकडे येताना अजून टॉस शून्यच होतोय. त्याचं तिकीट टाकलंय, या वेळी दोन्ही कॅप्चर पहिल्यापासून जोडून.